जोखमीचा हिशेब : शिरापूर, कळमण आणि हान्स बिन्सवांगर

सोलापूरच्या नवी पेठेतील कापडाच्या दुकानांत लग्नाचा बस्ता बांधावयास खेड्यापाड्यांतून जी मंडळी येतात, त्यांच्या गर्दीवरून मागचे हस्त नक्षत्र जिल्ह्याला कसे गेले याचा अदमास बांधण्याची सवय येथील जुन्या व्यापाऱ्यांना आहे, आणि तो अदमास कचेरीतील पैसेवारीपेक्षा बहुधा कमी चुकतो असे माझे मत आहे. यात नवल काही नाही. सोलापूर जिल्ह्याचा संसार शाळूवर, म्हणजे रब्बीच्या ज्वारीवर चालत आला, आणि शाळू हा आषाढाच्या नव्हे तर भाद्रपद-आश्विनाच्या पावसाचा अंकित. वर्षाची सरासरी ७०० मिलिमीटरांच्या आसपास. पण त्या सरासरीत विश्वास ठेवण्यासारखे काही असेल तर ते उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांतच, कारण जून-जुलैचा पाऊस इकडे आला तर आला, नाही तर दोन सरी शिंपडून महिनाभर तोंड फिरवितो. म्हणून खोल काळ्या रानाचा धनी पावसाळ्याचे पहिले तीन महिने जमीन पड ठेवतो, कुळवाच्या पाळ्या घालून तण मारतो, ओल मुरवितो, आणि परतीचा पाऊस पडून रानाला वाफसा आला म्हणजे मग पाभरीने मालदांडीचा पेरा करतो. पुढे चार महिने पीक वाढते ते भुईच्या पोटातील ओलीवर आणि पहाटेच्या दहिवरावर.

हा व्यवहार समजावून न घेता जो कोणी श्रावणात मोहोळच्या रस्त्याने जाई, त्याला मात्र दोन्ही बाजूंस ऐन पावसाळ्यात मोकळी पडलेली काळीभोर रानेच तेवढी दिसत आणि त्यांच्या धन्याविषयी त्याचे मत तत्काळ बनून जाई. आळशी, अडाणी, दैववादी आणि नव्या गोष्टीला भिणारा ही चार विशेषणे दख्खनच्या जिरायत शेतकऱ्याला सरकारी दप्तरांतून आणि शहरी ओसऱ्यांवरून इतक्या वेळा लावली गेली, की ती खरी आहेत किंवा कसे याची रोखीने परीक्षा घ्यावी असे कोणाच्या मनात फारसे आले नाही. ती परीक्षा अखेर झाली. ती १९७५ नंतरच्या काही वर्षांत झाली. आणि तिच्यासाठी निवडलेल्या मोजक्या गावांत मोहोळ तालुक्यातील शिरापूर आणि उत्तर सोलापूर तालुक्यातील कळमण ही आपल्या जिल्ह्यातील दोन गावे होती. ती घेणारा अर्थशास्त्रज्ञ स्वित्झर्लंडचा होता.

अर्थशास्त्राचा आणि या मुलखाचा संबंध त्यापूर्वी आला नव्हता असे नाही. तो आला होता, आणि फारसा सुखावह ठरला नव्हता. पेशवाई बुडाल्यावर दहा वर्षांच्या आत पुणे प्रांती जमिनीची पाहणी करणारा प्रिंगल हा कंपनीचा अंमलदार हेलीबरीच्या महाविद्यालयात शिकून आला होता, जेथे माल्थस स्वतः अध्यापन करीत असे. आणि रिकार्डोने मांडलेला खंडाचा सिद्धान्त जसाच्या तसा दख्खनच्या काळ्या-मुरमाड जमिनीला लावून, उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा जाता उरणाऱ्या निव्वळ वाढाव्याच्या प्रमाणात सारा बसविण्याचा त्याने घाट घातला. कागदावर ही योजना निर्दोष होती. प्रत्यक्षात तो वाढावा हुडकणे गावच्या कारकुनांच्या आवाक्याबाहेरचे ठरले, सारा झेपेना, रयतेने जमिनी सोडल्या, आणि १८३६ पासून विंगेट व गोल्डस्मिड यांना इंदापूर तालुक्यापासून मोजणीची नवी, अधिक व्यवहारी पद्धत सुरू करावी लागली. पुढे १८७५ चे सावकारांविरुद्धचे दंगे, त्यापाठोपाठ १८७६ पासूनचा भीषण दुष्काळ आणि १८७९ चा दख्खनी शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा, जो पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांस लागू झाला. या सर्व प्रकरणांत शेतकऱ्याच्या कर्जाविषयी अहवालांचे ढीग साचले, परंतु तो कर्ज का काढतो, कोणत्या हिशेबाने काढतो आणि त्याला मिळालेल्या सल्ल्यातील कोणता भाग तो कोणत्या कारणाने नाकारतो, हा प्रश्न बहुतेक अहवालकर्त्यांनी त्याच्या स्वभावदोषावर सोपवून मोकळे केला.

शेतीशास्त्रज्ञांची गोष्ट किंचित निराळी. १९३३ साली सोलापुरास कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र निघाले आणि ना. वि. कानिटकर यांच्यासारख्या, डॉ. हॅरोल्ड मॅन यांच्या हाताखाली तयार झालेल्या माणसाने तेथे जमिनीतील ओलाव्याचा जो अभ्यास केला, त्यातून बांधबंदिस्ती, पाळ्या, विरळ पेरणी, कमी बियाणे अशी एक शिस्तशीर पद्धत निपजली. ती पद्धत शास्त्रशुद्ध होती यात शंका नाही. तिचा प्रसार मात्र अपेक्षेप्रमाणे झाला नाही. आणि का झाला नाही याचे उत्तर देताना पुन्हा तीच चार विशेषणे पुढे आली. वास्तविक तिचा लाभ चांगल्या-मध्यम वर्षी दिसे आणि खर्च मात्र दरवर्षी करावा लागे, ही साधी गोष्ट जिरायत शेतकऱ्याच्या ध्यानात कोणी न सांगता आलेली होती.

१९७२ च्या दुष्काळाने हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातील दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात पोचली होती, आणि सोलापूर जिल्ह्यातील खडी फोडणाऱ्यांच्या त्या रांगांत जमीनवाले आणि भूमिहीन शेजारी शेजारी बसलेले होते. त्याच १९७२ साली हैदराबादजवळ पाटणचेरू येथे इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. अर्धशुष्क उष्ण प्रदेशांतील ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा ही पिके सुधारणे हे तिचे नेमून दिलेले कार्य; परंतु तिच्या अर्थशास्त्र विभागाचे प्रमुख, ऑस्ट्रेलियातून आलेले जेम्स रायन, आणि जोधपूरच्या वाळवंट संशोधन संस्थेतून तेथे आलेले नरपत जोधा यांचा आग्रह असा, की ज्या शेतकऱ्यासाठी बियाणे घडवावयाचे त्याचे घर आधी आतून पाहिले पाहिजे, आणि तेही एका भेटीत प्रश्नावली भरून घेऊन नव्हे. या दोघांस येऊन मिळालेला तिसरा माणूस म्हणजे हान्स बिन्सवांगर.

बिन्सवांगर यांचा जन्म १९४३ सालचा. झुरिचच्या तंत्रविद्यापीठात त्यांनी प्रथम कृषिविद्या घेतली आणि मग अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना येथे अर्थशास्त्राची डॉक्टरेट मिळविली. म्हणजे माती आणि मागणी-पुरवठा या दोहोंची भाषा त्यांना येत होती, जो योग अर्थशास्त्रज्ञांत वाटतो तितका सुलभ नाही. व्हर्नन रटन यांच्यासमवेत त्यांनी केलेल्या कामाचा विषय असा, की समाजात जे साधन दुर्मीळ आणि महाग असेल त्याची काटकसर करणाऱ्या दिशेनेच तंत्रज्ञानाची प्रगती वळते. जेथे मजूर महाग तेथे यंत्रे निघतात, जेथे जमीन महाग तेथे बियाणे आणि खते. तिशी नुकतीच ओलांडलेला हा तरुण १९७५ च्या सुमारास पाटणचेरूला आला आणि १९८० पर्यंत राहिला. त्यानंतरच्या त्याच्या कारकिर्दीत जे जे गाजले त्याचे मूळ या पाच वर्षांत आहे, असे माझे मत झाले आहे.

गावे निवडताना तीन प्रदेश घेतले होते : तेव्हाच्या आंध्रातील महबूबनगर, विदर्भातील अकोला आणि आमचा सोलापूर. प्रत्येक जिल्ह्यातून दोन गावे आणि प्रत्येक गावातून ४० कुटुंबे, त्यांत १० भूमिहीन मजुरांची, १० लहान, १० मध्यम आणि १० मोठ्या खातेदारांची. १९७५ च्या मे महिन्यात काम सुरू झाले. ज्याचे शिक्षण कृषि अर्थशास्त्रात झाले आहे, ज्याचा जन्म खेड्यात झाला आहे आणि ज्याला गावची भाषा येते असा एक अन्वेषक प्रत्येक गावात बिऱ्हाड करून राहावयाचा, आणि दर तीन-चार आठवड्यांनी त्याने प्रत्येक घरी बसून त्या अवधीतील सर्व देवघेव उतरवून घ्यावयाची, अशी व्यवस्था होती. कोणत्या तुकड्यात काय पेरले, कोणाचे बैल किती दिवस लागले, मजुरी रोख दिली की धान्यात, सालगड्याला उचल किती, कडबा कोणास विकला, पाहुण्याकडून किती उसने आले, हे सारे त्या वह्यांत येई. अशी ही नोंद जवळजवळ दहा वर्षे अखंड चालली. आमच्या गावोगावच्या कुलकर्ण्यांची दप्तरे पाहिलेल्या माणसालाही अचंबा वाटावा असा तो चिकाटीचा प्रकार होता. फरक एवढाच की कुलकर्ण्याच्या दप्तराचा हेतू वसुलीचा असे, आणि हे दप्तर घेऊन जाणाऱ्याला गावाकडून काहीच वसूल करावयाचे नव्हते. पहिल्या वर्षी लोकांना तेच अधिक संशयास्पद वाटले असल्यास त्यांना दोष देता येणार नाही.

बिन्सवांगर यांना एका विशिष्ट प्रश्नाने पछाडले होते. जिरायत शेतकरी खते वापरीत नाही, नवे वाण घेत नाही, कारण तो जोखमीला भितो, आणि गरीब शेतकरी श्रीमंतापेक्षा अधिक भितो, म्हणून तो गरीबच राहतो, असा सिद्धान्त त्या काळी पाठ्यपुस्तकांतून सर्रास मांडला जाई. तो तपासण्याची प्रचलित रीत मुलाखतीची : समजा असे झाले तर तुम्ही काय कराल, असे विचारावयाचे आणि उत्तरावरून भीतीचे माप काढावयाचे. ती रीत त्यांनी करून पाहिली. तिचे निष्कर्ष प्रश्न विचारणाऱ्याप्रमाणे बदलत होते. म्हणजे माप शेतकऱ्याच्या मनाचे निघत होते की अन्वेषकाच्या, हेच ठरेना. तेव्हा त्यांनी खरा पैसा पुढे ठेवून खेळ मांडावयाचे ठरविले.

खेळ असा होता. शेतकऱ्यापुढे जोड्यांची एक मालिका ठेवली जाई आणि त्याने त्यांतील एक निवडावयाची. मग नाणे उडवून छापा पडला तर एक रक्कम आणि काटा पडला तर दुसरी, ती तेथल्या तेथे त्याच्या हातात. पहिली जोडी निर्धोक : छापा पडो वा काटा, ५० रुपये. दुसरीत ४५ किंवा ९५. पुढे ४० किंवा १२०, मग ३० किंवा १५०, मग १० किंवा १९०, आणि शेवटच्या जोडीत छाप्याला शून्य व काट्याला २००. जसजसे पुढे जावे तसतशी सरासरी प्राप्ती वाढे, पण वाईट नाण्याचा फटकाही वाढे. आणि अगदी शेवटच्या पायरीवर तर फटका वाढून सरासरी मात्र तेथेच राही, म्हणजे ती घेणारा केवळ जुगाराच्या ओढीने घेतो असे समजावयाचे. आरंभ ५० पैशांच्या पातळीपासून केला, मग ५ रुपये, मग ५०. मध्ये दिवस जाऊ दिले, घरी विचार करावयास, बायकोशी, शेजाऱ्याशी बोलावयास सवड दिली. कमाल पातळीवरील प्राप्ती अकुशल मजुराच्या महिन्याच्या कमाईहून अधिक होती. स्वतःच्या खिशातून काहीच जात नसले, तरी महिन्याची कमाई नाण्याच्या एका उडीवर सोडावयाची की नाही, हा प्रश्न कोणी हसण्यावारी नेईल असे संभवत नाही.

२४० कुटुंबांतून आलेला निष्कर्ष १९८० साली अमेरिकेतील कृषि अर्थशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. किरकोळ रकमांच्या वेळी निवडी बऱ्याच विखुरलेल्या होत्या. कोणी सावध, कोणी धाडसी. रक्कम वाढत गेली तसे सारे मध्यावर सरकले, आणि मोठ्या रकमेच्या पातळीवर बहुतेक सर्व माणसे एकाच बेताची सावध आढळली : निर्धोक ५० ला चिकटून बसणारे थोडे आणि २०० साठी झेप घेणारेही थोडे. आश्चर्य पुढेच आहे. ही सावधगिरी जमिनीच्या एकरांबरोबर, जातीबरोबर, वयाबरोबर म्हणण्यासारखी बदलत नव्हती. संपत्तीने ती किंचित कमी होताना दिसे, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकण्याइतका नव्हता. आदल्या खेळांत ज्याचे नशीब उघडले होते तो मात्र पुढच्या खेळात थोडा धीट होई, ही गोष्ट गड्ड्याच्या यात्रेत चक्रीवर पैसे लावणाऱ्याला कोणी शास्त्रज्ञाने सांगावी लागत नाही.

या निष्कर्षाचे मर्म सहज निसटून जाण्यासारखे आहे. गरीब शेतकऱ्याच्या आणि बड्या बागायतदाराच्या काळजात भीतीचे प्रमाण जर जवळजवळ सारखेच, तर मग पहिला खत टाकीत नाही आणि दुसरा टाकतो, याचे कारण काळजात शोधून उपयोग नाही; ते शोधले पाहिजे कणगीत, गोठ्यात आणि पेढीवरील पतीत. खत टाकून पाऊस ओढला तर बड्याचे एक वर्ष वाया जाते. त्याच प्रसंगी लहान्याचे बैल विकले जातात आणि पुढील वर्षाची पेरणी दुसऱ्याच्या औतावर अवलंबून राहते. दोघांची मने सारखी, पण दोघांसमोरची नाणी वेगवेगळी. प्रबोधनाचा फड लावून शेतकऱ्याची मनोवृत्ती पालटू पाहणाऱ्या अनेक सदिच्छ योजनांचा पाया या एका लेखाने पोखरला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

पुढे १९९३ साली मार्क रोझेनझ्वाइग यांच्यासमवेत, याच वह्यांतील आकड्यांवर, बिन्सवांगर यांनी हा धागा शेवटास नेला. मान्सूनच्या आगमनाच्या वेळेची अनिश्चितता एका प्रमाण-विचलनाइतकी वाढली तर काय होते, असा त्यांचा प्रश्न होता. उत्तर असे आले, की सर्वांत निर्धन चतुर्थांशाचा शेतीतील नफा ३५ टक्क्यांनी घटतो, मध्यम संपत्तीच्या घरांचा १५ टक्क्यांनी, आणि सर्वांत वरच्या थराचा मुळीच घटत नाही. ही घट केवळ पावसाने पीक बुडविल्याची नव्हे हे ध्यानात घ्यावे. पाऊस बेभरवशाचा आहे हे ठाऊक असल्यामुळे गरीब शेतकरी आधीपासूनच कमी उत्पन्नाची पण न बुडणारी रचना पत्करतो, आणि तिच्यापायी सोडून दिलेला नफा हा त्याने दरसाल भरलेला अलिखित विम्याचा हप्ता असतो.

वह्या एकदा तयार झाल्यावर त्या वाचावयास जगभरातून माणसे आली. रोझेनझ्वाइग व ओडेड स्टार्क यांनी १९८९ साली दाखविले, की या गावांतील लेकी ज्या दूरच्या गावी दिल्या जातात ती गावे पावसाच्या दृष्टीनेही निराळी असतात. एकीकडे दुष्काळ पडला तर दुसरीकडून मदत येण्याची वाट राहते, आणि ज्या घरांची प्राप्ती अधिक हेलकावे खाणारी ती सोयरीक अधिक दूर जोडतात. नवी पेठेत बस्ता बांधताना व्याह्यांच्या गावचा पाऊस कोणी बोलून दाखवीत नाही. पण सोयरिकीच्या बैठकीत तिकडे विहिरीला पाणी कसे आहे ही चौकशी प्रथम होते, आणि ती केवळ लेकीच्या डोक्यावरील घागरीच्या काळजीने होत नाही. रोझेनझ्वाइग व वोलपिन यांनी बैलांचा हिशेब मांडला : सुगी साधली की बैल घ्यावयाचे, बुडाली की विकावयाचे, म्हणजे बैल हे जितके औताचे तितकेच साठ्याचे साधन. दुष्काळी साली जनावरांच्या बाजारात सगळेच विकणारे असले म्हणजे त्या साठ्याचे मोल काय राहते, हे आमच्या भागातील कोणत्याही म्हाताऱ्याने सांगितले असते. तरी त्याच्या सांगण्याला आकड्याचा आधार मिळाला हे बरे झाले. रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ साली शिरापूरसह तीन गावांतील कुटुंबांचा खर्च तपासला आणि त्यांना आढळले, की एका घराची प्राप्ती घसरली तरी त्याचा खर्च त्या प्रमाणात घसरत नाही, तो गावाच्या एकूण सरासरीबरोबर चालतो. उसनवारी, पाहुणे, सावकार, साठवण यांच्या गुंत्यातून गाव आपल्या माणसाला बऱ्याच अंशी सावरून धरते. परंतु साऱ्या गावावरच जेव्हा अवर्षण कोसळते तेव्हा कोणी कोणास सावरावयाचे? तेथे बाहेरचा हात लागतो. रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळी कामांतून आकारास आली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. टॉमस वॉकर व त्यांचे सहकारी यांना असे दिसले, की ज्या गावांना ही योजना उपलब्ध होती, म्हणजे शिरापूर आणि अकोल्याकडील कानझरा, तेथील भूमिहीनांच्या प्राप्तीतील चढउतार आंध्रातील गावच्या भूमिहीनांपेक्षा स्पष्टपणे कमी होते. वि. स. पागे यांच्या रोजगार हमीच्या कल्पनेला मिळालेली ही पावती महाराष्ट्रात फारशी वाचली गेली नाही.

नरपत जोधांचा मार्ग थोडा वेगळा वळला. गावच्या गायरानांवर, पडीवर, ओढ्याकाठच्या झुडपांवर गरिबांचे किती पोट चालते, हे त्यांनी सात राज्यांतील ८० हून अधिक गावांत मोजले, आणि १९८६ साली सांगितले, की गरीब घरांच्या प्राप्तीतील १४ ते २३ टक्के हिस्सा या सामायिक जमिनींतून येतो. आणि त्याच जमिनी १९५० नंतरच्या तीन दशकांत वाटून, बळकावून, नांगरून झपाट्याने आक्रसल्या आहेत. गायरान म्हणजे मोकळी पडलेली जमीन, अशी समजूत करून घेऊन ती भूमिहीनांना वाटणाऱ्या पुढाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण बहुतेकांना मिळालेला तुकडा अल्पावधीत हातचा गेला आणि शेळीचे चरणे मात्र कायमचे बंद झाले.

बिन्सवांगर १९८० साली जागतिक बँकेत गेले आणि २००५ पर्यंत तेथे राहिले. जाण्यापूर्वी त्यांनी दक्षिण आशियातील ट्रॅक्टरांवरील सर्व उपलब्ध अभ्यासांची छाननी करून १९७८ साली काढलेला निष्कर्ष, की ट्रॅक्टर प्रामुख्याने बैलांची आणि माणसांची जागा घेतो, उत्पादन किंवा पिकांची घनता फारशी वाढवीत नाही, हा यंत्रविक्रेत्यांना आणि प्रगतीच्या अनेक भोक्त्यांना रुचला नाही. बँकेतील त्यांचे सर्वांत गाजलेले लेखन ब्राझीलविषयी आहे. ॲमेझॉनचे जंगल भुकेले, अज्ञानी वसाहतवाले तोडतात, असे जो तो म्हणत असता त्यांनी तेथील करांचे कायदे उघडून दाखविले : शेतीच्या उत्पन्नावर कर जवळजवळ नाही, पडीक म्हणून गणल्या जाणाऱ्या जंगलावर सारा जास्त, जंगल साफ केलेल्याला मालकी हक्क आणि गुरांच्या मोठ्या कुरणांना सवलती. एवढी बक्षिसे लावल्यावर कुऱ्हाड न उचलणाराच वेडा ठरता. शिवाय या सवलतींमुळे जमिनीच्या किमती शेतीच्या उत्पन्नापेक्षा इतक्या वर गेल्या, की लहान शेतकऱ्याला ती विकत घेणे अशक्य झाले आणि त्याला जंगलाच्या कडेकडे सरकावे लागले. शिरापूरच्या पडीक रानाकडे आणि ॲमेझॉनच्या धुराकडे पाहण्याची ही दृष्टी एकच आहे. माणसाच्या वागणुकीचा अर्थ लागत नसेल तर त्याच्यासमोरच्या हिशेबाचा कोणता आकडा आपल्याला दिसलेला नाही, हे आधी पाहावे असा या माणसाचा बाणा होता.

१९९५ साली डाइनिंगर व फेडर यांच्यासह त्यांनी जमीनधारणेच्या जागतिक इतिहासावर लिहिलेला दीर्घ निबंध अधिक धाडसी आहे. मोठी शेती कार्यक्षम म्हणून मोठी झाली हे मत खोडून काढीत त्यांनी असे प्रतिपादिले, की बहुतेक खंडांत ती सत्तेने दिलेल्या वतनांनी, करमाफीने, वेठीने आणि लहान शेतकऱ्याला बाजारापासून व पतीपासून दूर ठेवून मोठी झाली. वर्णभेदाची राजवट मावळत असताना दक्षिण आफ्रिकेतील जमीन सुधारणेच्या चर्चेत त्यांनी हेच विवेचन नेले. तेथील गोऱ्यांच्या प्रशस्त शेतांमागे सरकारी अनुदानांची आणि काळ्यांना जमीन घेण्यास मनाई करणाऱ्या कायद्यांची केवढी फौज उभी होती, हे सांगणारा हा मनुष्य बँकेचा पगारी अधिकारी होता, हे विसरून चालणार नाही. त्यांच्या शिफारशींचे पुढे काय झाले ती कथा निराळी आणि तितकीशी उत्साहवर्धक नाही. उत्तरायुष्यात ते प्रिटोरिया येथे स्थायिक झाले. स्वतःस एचआयव्हीची बाधा असल्याचे त्यांनी उघडपणे जाहीर केले, आफ्रिकेतील एड्सविरोधी कार्यासाठी बँकेचा पैसा वळविण्यास झटले आणि झिंबाब्वेतील अनाथ मुलांच्या सांभाळासाठी स्वतःचेही द्रव्य खर्चिले. व्हिक्टर म्खिझे हे त्यांचे सहचर. विवाहानंतर बिन्सवांगर-म्खिझे असे जोडनाव त्यांनी धारण केले. २०१७ साली त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी भारताच्या शेतीविषयी ते पुन्हा लिहू लागले होते : शेतीतून माणसे बाहेर पडतात ती कारखान्यांत न जाता गावालगतच्या किरकोळ, असंघटित रोजगारांत अडकतात, असे त्यांचे अखेरच्या काळातील निरीक्षण आहे. ज्या शहरात एके काळी गिरण्यांच्या भोंग्यांवर दिवस उगवे आणि मावळे, आणि जेथे त्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्या सोलापूरकराला त्यासाठी निराळा पुरावा लागू नये.

या सर्व खटाटोपाचा आपल्या जिल्ह्याला प्रत्यक्ष लाभ काय झाला, असे कोणी विचारील, तर पीकविम्याच्या प्रकरणाकडे बोट दाखवावे लागेल, आणि तेथे उत्तर संमिश्र आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर यांनी १९७६ साली असे सुचविले, की प्रत्येक शेतकऱ्याचे नुकसान वेगळे मोजत बसण्याऐवजी समान हवामानाचा एक टापू धरावा, तेथे पीककापणीचे प्रयोग करावेत आणि सरासरी उत्पादन घसरले की टापूतील सर्वांना भरपाई द्यावी. लबाडीला वाव न ठेवणारी आणि खर्चात बसणारी ही कल्पना दांडेकरांच्या संख्याशास्त्रीय शिस्तीला साजेशी होती. तिचे प्रयोग १९७९ पासून झाले आणि १९८५ साली ती देशभर योजना म्हणून आली. तिच्यावर वॉकर व सहकाऱ्यांनी इक्रिसॅटच्या वह्या उलगडून घेतलेला आक्षेप मात्र बारकाईने ऐकण्यासारखा होता. उत्पादन एकरी किती उतरले याचा विमा तुम्ही देता. परंतु सोलापूरच्या गावांत शेतकरी बुडतो तो बहुधा एकरी उतारा घटल्यामुळे नव्हे, तर परतीचा पाऊस न आल्याने पेराच होत नाही म्हणून. ज्या रानात पाभर चालली नाही तेथे कापणीचा प्रयोग कशाचा करावयाचा?

हा प्रश्न सरकार दरबारी पोचावयास बरीच वर्षे लागली. २०१६ साली आलेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत प्रतिकूल हवामानामुळे पेरणीच न होण्याचे कलम घालण्यात आले : विमा क्षेत्रातील ७५ टक्क्यांहून अधिक रान पेरणीवाचून राहिले तर विमा रकमेच्या २५ टक्के भरपाई, आणि त्या हंगामापुरते प्रकरण समाप्त. दरम्यान उजनी धरणाच्या पाण्याने जिल्ह्यातील पुष्कळ शिवारांचा कायापालट केला आणि शिरापुरातही शाळूच्या रानांत ऊस शिरला, म्हणून ज्याच्यापाशी पाणी पोचले त्याला या कलमाचे महत्त्व उरले नाही. ज्याच्यापाशी ते पोचले नाही त्याला उरले. २०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्र शासनाने विमा पुन्हा केवळ पीककापणी प्रयोगांवर आधारला आणि पेरणी न होण्याचे ते कलम इतर जादा कलमांबरोबर गळून पडले.